आबा बोलतोय

आबा, तुमची गोष्ट मी चारचौघांत सांगून टाकली. तुम्ही बजावलं होतं, मी कबूल म्हटलं होतं, आणि तुमच्या तेराव्याची पंगत उठायच्या आत ती माझ्या तोंडून गेली. आता सांगलीला परत आले आहे. शेजारच्या खोलीत क्लासची मुलं कीबोर्ड बडवतायत आणि मी दार लोटून तुमच्याशी बोलायला बसले आहे. तुम्ही समोर असता तर माझी मान वर झाली नसती.

माणसं येत होती, तुमचं कौतुक करून जात होती. सुभेदार म्हणजे शिस्त, सुभेदार म्हणजे शब्दाचा पक्का. मी ऐकत होते आणि मनात आपलं ते मोडेमचं प्रकरण चाललं होतं. मेलेल्या बापाच्या घरात बसून पोरीला काय आठवावं, तर टेलिफोनच्या तारेचा सांधा. पण खरं सांगते, मी तुम्हाला खऱ्या अर्थानं ओळखलं ते त्या डबड्यापायी.

धाकटा विलास मस्कतला गेला तेव्हापासून घरात एक गोष्ट धरून चालले होते सगळे, की तुमचा त्याच्यावर राग आहे. तो पलटणीत गेला नाही, आयटीआय करून परदेशी वर्कशॉपमध्ये गेला, म्हणून. रविवारी त्याचा फोन यायचा. तुम्ही रिसीव्हर कानाला लावून मोठ्यानं म्हणायचा, "बरं हाय न्हवं? जेवण-खाण टायमावर कर. घे, आईसंगं बोल." झालं. पलीकडून तो काय म्हणाला, काय विचारलं, त्याचं उत्तर नाही. विलास मला म्हणायचा, "ताई, आबा मला हुकूम देतात आणि परेड बरखास्त करतात." मी हसायचे. आम्ही दोघंही हसायचो, पण त्याचं हसू खोटं असायचं.

मग तुम्ही एकदा सांगलीला आलात आणि माझ्या क्लासमध्ये येऊन खुर्चीवर बसलात. जागेच्या मालकांचा मुलगा पुण्याला असतो, त्याला मी ई-मेल पाठवली आणि थोड्या वेळात त्याचं उत्तर आलं. तुम्ही उठून माझ्या मागं येऊन उभे राहिलात.

"हे तिकडं पोचलं? आत्ता?"

"हो की."

"बोलायला लागत न्हाई?"

"नाही आबा. नुसतं लिहायचं."

तुम्ही बराच वेळ पडद्याकडं बघत राहिलात. मला वाटलं, तुम्ही परदेशच्या फोनचा खर्च वाचवायच्या विचारात आहात. जाताना एसटीत चढता चढता म्हणालात, "सुरे, आपल्याला घरी असलं एक पायजे."

क्लासमधला जुना कॉम्प्युटर तसाही निघणार होता. आमच्या ह्यांनी कुपवाडच्या एका मित्राच्या टेम्पोतून तो साताऱ्याला तुमच्या घरी पोचवला, सोबत फोनच्या तारेवरून ई-मेल नेणारा मोडेम. पुस्तकाएवढा काळा डबा, पुढच्या बाजूला लाल दिव्यांची ओळ. फोन खाली सोप्यात आणि तुम्हाला कॉम्प्युटर हवा माडीवर, म्हणून खालच्या फोनपासून खिडकीतून वर तार तुम्ही स्वतः ओढली. माडीवर जोडीला एक जुना रिसीव्हरही लावलात. पहिल्या दिवशी मी हजर होते. मोडेमनं नंबर फिरवला, शिट्ट्या मारल्या, किंचाळला आणि लागला. तुम्ही मागं उभे राहून म्हणालात, "शाब्बास." मी पाठमोरी होते. तुमचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला कधीच कळणार नाही.

पावसाळा सुरू झाला आणि मोडेम बंद पडला. पडद्यावर एकच यायचं, डायल टोन नाही. कधी टोन मिळालाच तर जोडणी मध्येच तुटायची. मी इथून, क्लासच्या फोनवरून, दुरुस्ती करायला बसायचे. फोन आई उचलायची. मी सांगायचे, "आबांना म्हणावं, वरचा रिसीव्हर उचलून कानाला लावा. खरखर येते का बघा." आई जिना चढून जायची, परत यायची. "लाइन साफ हाय म्हणत्यात. घंटेसारखी."

लाइन साफ म्हणजे दोष यंत्रात, असं धरून मी सगळं उलटंपालटं केलं. तुम्हाला सेटिंग बदलायला लावली, केबल काढून घालायला लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला. तुम्हीही प्रत्येक गोष्ट हुकमासारखी पाळलीत. शेवटी तुम्ही मोडेम टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून एसटीनं सांगलीला घेऊन आलात. माझ्या लाइनवर तो पहिल्या झटक्यात लागला.

"आबा, डबा ठणठणीत आहे. तुमच्या तारेत काहीतरी आहे."

"तार साफ हाय. मी ऐकलीया."

"अहो, पण..."

"पण काय? तू मला खोटं ठरवती व्हय?"

मुलांच्या देखत तुम्ही ओरडलात. मी मनात म्हटलं, हट्टी माणूस आहे, स्वतः ओढलेल्या तारेत खोट निघालेली चालत नाही.

पुढच्या रविवारी मी साताऱ्याला आले. आई खाली वाटण वाटत होती. आपण दोघं माडीवर. मी नंबर फिरवायला लावला आणि मोडेममधून आवाज आला तो असा, की तव्यावर मीठ पडल्यासारखी सलग खरखर. "ही बघा आबा, ऐकलीत?" मी पडद्याकडं बघतच म्हटलं. उत्तर नाही. मला वाटलं तुम्ही रागावलात. मी मोडेमचा आवाज अगदी मोठा केला आणि पुन्हा फिरवायला लावला. या वेळी तो कसाबसा लागू बघत होता. खरखरीतून शिट्ट्या, किंकाळ्या, सगळी माडी दणाणली. खालून आई ओरडली, "अगं, वर काय कापताय काय?"

आणि तुम्ही, त्या डब्यापासून हातभर अंतरावर, शांतपणे पडद्याकडं बघत मला विचारलंत, "आवाज येतो म्हणालीवतीस न्हवं? कवा येतो?"

मी मान वळवून तुमच्याकडं बघितलं. बघायला नको होतं. तुम्ही माझं तोंड वाचलंत. माणसांची तोंडं वाचूनच तुम्ही इतकी वर्षं काढली होती, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? तुमचे कान लाल झाले, मग सगळा चेहरा. एवढी पलटण हाकलेला माणूस, आणि शाळेत ओल्या चड्डीनं उभ्या राहिलेल्या पोरासारखी तुमची नजर जमिनीला खिळली. मोडेम किंचाळतच होता. मी धडपडत त्याची वायर उपसली.

"कधीपासून?" मी विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, म्हणून पुढ्यात येऊन पुन्हा विचारलं.

"तोफखान्यात कुणाचं कान धड राहतंय?" तुम्ही म्हणालात. "डावा तवाच गेला. उजव्यानं जाडा आवाज येतो. बारीक न्हाई येत. फोनवर तर नुसती कुजबूज, काय कळत न्हाई."

"मग मेडिकलला कसं..."

"डॉक्टरच्या ओठाकडं बघून. मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती तर बढती थांबली असती. तुमची शाळा चालली होती."

मला रडू आलं. तुम्हाला ते चाललं नाही. "गप. खाली कळंल."

"आबा, विलासला वाटतं तुम्ही त्याच्यावर रागावलाय. म्हणून बोलत नाही."

"ठावं हाय."

"मग सांगा की त्याला!"

तुम्ही मान हलवलीत. त्या दिवशीचं तुमचं वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. "बहिरा बाप म्हणण्यापरीस रागीट बाप म्हणू दे. त्यात काय तरी इज्जत हाय." आणि मग, "आईला सांगायचं न्हाई. विलासला न्हाई. कुणालाच न्हाई. सांग, कबूल?"

मी कबूल म्हटलं.

दोष नंतर अर्ध्या तासात सापडला. खिडकीबाहेर तारेला तुम्ही सांधा मारून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पावसाचं पाणी आत शिरून तांबं हिरवं पडलं होतं. तुम्ही चाकूनं ते खरवडलंत, पीळ दिलात, कथील लावलंत. मी माडीवर रिसीव्हर कानाला लावून उभी, तुम्ही शिडीवर. मी खिडकीतून अंगठा वर केला की थांबायचं, खाली केला की आणखी खरवडायचं. मघाच्या प्रसंगानंतर आपण दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो, पण काम चाललं होतं. मला वाटतं, त्या कामानंच आपल्याला त्या दुपारी वाचवलं.

मग मी तुम्हाला दिवे शिकवले. आवाजाची गरजच नको. हा पेटला म्हणजे लाइन उचलली. हा पेटून तसाच राहिला म्हणजे पलीकडं जोडलं. हे दोन लुकलुकले म्हणजे येणं-जाणं चाललंय. तुम्ही ते असे पाठ केलेत, की पुढच्या खेपेला मला दाखवायला लागलात. मोडेमचा आवाज मी पार बंद करून टाकला. आईला बरं वाटलं. ती म्हणाली, "गेलं एकदाचं ते किंचाळणं."

पहिली ई-मेल तुम्ही एका बोटानं लिहिलीत, इंग्रजी अक्षरांत मराठी, सगळी अक्षरं मोठी. मी शेजारी होते पण एक अक्षर सांगितलं नाही. 'विलास. आबा बोलतोय. इथं ठीक. तुझं काम काय असतं ते सविस्तर लिही.' मी म्हटलं, "आबा, बोलतोय नाही, लिहितोय." तुम्ही म्हणालात, "बोलतोयच की."

नंतर तुम्ही पुष्कळ बोललात. मला ते ठाऊक आहे, कारण विलासच फोनवर सांगायचा. आबांनी वर्कशॉपमधल्या लेथबद्दल विचारलं, आबांनी उन्हात डोकं झाकायला सांगितलं. सांगायचा आणि वर म्हणायचा, "ताई, चांगलं लिहितेस तू. अगदी त्यांच्यासारखं."

"अरे, तेच लिहितात."

"असू दे गं. फोनवर दोन शब्द बोलत नाही तो माणूस एवढं लिहील होय? मला राग नाही आला. उलट बरं वाटतं."

मी पुष्कळ सांगून बघितलं. पण का लिहितात, हे सांगता येत नव्हतं, आणि त्याशिवाय बाकीचं खरं वाटण्यासारखं नव्हतं.

आपलं भांडण मात्र संपलं नाही. तुम्ही ऐकू यायचं मशीन लावावं म्हणून मी मागं लागले होते. मी मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तुम्हाला सांगलीला बोलावलं, आणि नवल म्हणजे तुम्ही आलात. इस्त्रीचा शर्ट, मिशीला पीळ. बाकावर आपण बसलो. कंपाउंडरनं तुमचं नाव पुकारलं. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतात. त्यानं पुन्हा पुकारलं, मग ओरडला. मी तुमच्या कोपराला हात लावेपर्यंत पलीकडची एक बाई सहज हसून म्हणाली, "योग्य ठिकाणी आलेत बाबा." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तुम्ही ते वाचलंत. उठलात, डॉक्टरांच्या दाराकडं न जाता बाहेरच्या दाराकडं चालू लागलात. रस्त्यात मी मागं पळत होते, हाका मारत होते. तुम्हाला हाका ऐकू येणार नाहीत, हे कळत असूनही मारत होते. रस्त्यातले लोक थांबून बघायला लागले, आणि मला लाज वाटली. तुमची नव्हे आबा, माझी. किंवा दोघांची मिळून. आता निवडून काढता येत नाही.

त्यानंतर तुम्ही मशीनचं नाव काढू दिलं नाही. मी दिवाळीला पुन्हा बोलणार होते. दिवाळीच्या आधीच एका सकाळी तुम्ही चहाचा कप ठेवून खुर्चीत मागं टेकलात आणि झालं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल.

विलासला विमान मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं. तो आला तो थेट माडीवर गेला आणि कॉम्प्युटरवर टाकलेलं कापड न काढता तसाच खाली आला. त्यानं डोळ्यांतून पाणी काढलं नाही. तेराव्याला रहिमतपूरहून तात्या आले होते, तुमचे धाकटे भाऊ. पंगतीत बसून तात्या म्हणाले, "दादा लय हट्टी. पोरगं परमुलखात, पण शेवटपर्यंत त्याच्यासंगं धड बोलला न्हाई बघा." विलासची मान खाली गेली. त्याचा हात पानावरच थांबला.

मी वाढत होते. हातात आमटीचं भांडं. मला वाटतं, मी तेव्हा फक्त त्याचा तो थांबलेला हात बघितला. आणि म्हणाले, "आबांना ऐकू येत नव्हतं तात्या. फोनवर काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून बोलत नव्हते. विलास, त्या सगळ्या मेल त्यांनीच लिहिल्यात. शब्दन् शब्द."

मग कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सुभेदार बहिरा होता व्हय?" आणि दुसरा म्हणाला, "तरीच! मी त्या दिवशी मागनं एवढ्या हाका मारल्या, गडी आपला चालतोय ताठ." तिसऱ्याला काहीतरी आठवलं. प्रत्येकाकडं एक निघालं. ते हसत होते आबा, मायेनंच हसत होते, डोळे पुसत पुसत. पण हसत होते. तुम्ही सगळं आयुष्य ज्याला भीत आलात ते तुमच्याच अंगणात, तुमच्या तेराव्याला, माझ्यामुळं झालं. मी भांडं घेऊन तशीच उभी राहिले. आई उठून आत गेली.

विलास माडीवर गेला आणि दिवसभर तिथंच बसला. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर तो तुमच्या मेल पहिल्यापासून वाचत होता. त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "मला सांगायला काय झालं होतं त्यांना? मी हसलो असतो का?" मी कप त्याच्यापुढं ठेवला. मग म्हणाला, "आणि तुला? तुला काय झालं होतं?" तो रागावला आहे. रागावू दे. पण जायच्या दिवशी तुमच्या फोटोपुढं उभा राहून तो बराच वेळ काहीतरी बोलत होता, अगदी मोठ्यानं, तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून. आम्ही कुणी त्या खोलीत गेलो नाही.

आई माझ्याशी बोलत नव्हती. तेराव्यानंतरचे दोन दिवस हो-नाही एवढंच. मी निघायच्या सकाळी स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होते आणि स्वतःशीच पुटपुटले, "साखर कुठं ठेवली कुणास ठाऊक."

"पितळी डब्यात, मागं," आई पार दाराजवळून म्हणाली.

मी वळून बघितलं. आबा, आईला कमी ऐकू येतं, हे आपल्याकडं सगळ्या नात्यात ठरून गेलेलं. कुणी काही बोललं की ती म्हणायची, "काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला बाई." पाहुणे तिच्यासाठी ओरडून बोलायचे. आम्ही पोरं तिला चिडवायचो. रविवारच्या फोनवर तिला सगळं बरोबर कसं ऐकू येतं, हे कुणी कधी विचारलं नाही.

"आई, तुला ऐकू येतं?"

"मला काय झालंय?" ती परातीत पीठ काढत होती. वर बघितलं नाही. "मी मोठ्यानं बोला म्हणायची, माणसं मोठ्यानं बोलायची. त्यांच्या कानावर जायचं. त्यांना काय कुणाला इचारायला लागायचं न्हाई."

"तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

"लग्नानंतर पहिल्या रजेला आलं तवापासनं."

"मग आबांना कधी..."

"येडी का खुळी तू?" आता तिनं वर बघितलं, आणि तिचे डोळे भरलेले होते, पण आवाजात धार होती. "त्यांना कळू दिलं असतं तर मान वर करून जगलं असतं का? एवढी वर्षं मी बहिरी म्हणवून घेतलं ते काय तू पंगतीत वाढायसाठी?"

मी खाली बसले. तिनं पीठ मळायला घेतलं. नंतर, एसटीची वेळ होत आली तेव्हा, भाकरी बांधून माझ्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर." एवढंच.

ती तुमच्यापासून आपलं ठाऊक असणं लपवत होती, तुम्ही तिच्यापासून आपले कान. एकाच घरात, ताटाला ताट लावून. आणि मी, जिला दोघांनी आपापल्या परीनं विश्वासात घेतलं, तिच्या तोंडात काहीच राहत नाही. आईनं जन्मभर तुमच्या कानावर पडू दिलं नाही, ते आता मीच तुम्हाला सांगून बसले आहे.